स्थूल माणसाची पहिली शर्यत

वसंत व्याख्यानमालेच्या ग्रंथात धावण्याविषयी लेख यावा, आणि तो कामगार चळवळीतल्या माणसाने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, राज्यघटना झाली, अर्थसंकल्प तर दरसाल होतो. त्या पंक्तीत ‘अंगाने जड झालेल्या माणसाने पाच किलोमीटरांची पहिली शर्यत कशी पुरी करावी’ या विषयाला पाट मांडण्याचे कारण नाही, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. परंतु माझी उमेदीची वर्षे बस-कामगारांत गेली. वीस-पंचवीस वर्षे चालकाच्या आसनावर बसलेल्या माणसाचे पोट, गुडघे आणि रक्तदाब यांचा त्याच्या भाकरीशी काय संबंध असतो, हे मी जवळून पाहिले आहे. वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला की स्टिअरिंग जाते. स्टिअरिंगबरोबर ओव्हरटाइम जातो, आणि घरात बोलण्याचा आवाज खाली येतो. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

या बाबतीतला पहिला पक्का पुरावा आमच्याच धंद्यातून मिळाला, याचा मला अभिमान आहे. लंडनला जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. हृदयविकार कोणाला गाठतो आणि कोणाला सोडतो, याचा शोध घेताना त्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांकडे लक्ष वळवले. एका गाडीवर दोन माणसे, चालक आणि वाहक. शहर तेच, धूर तोच, वस्तीही बहुधा तीच. फरक इतकाच की, चालक पाळीचा बहुतेक सारा वेळ बसून असे, आणि वाहक तिकिटे देता देता दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढे. १९५३ साली मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपले निष्कर्ष छापले. वाहकांना हृदयविकार कमी होतो; झालाच तर उशिरा होतो आणि तो तितका घातक नसतो.

यावर कोणीही चौकस माणूस शंका काढील की, बसून चालक जाड झाला, की जाड माणसानेच बसण्याचे काम पत्करले? मॉरिस यांनी ही शंका दुसऱ्याने काढण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी मागवल्या आणि १९५६ साली जाहीर केले की, चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा खरोखरच मोठा आहे, आणि तो अगदी तरुण चालकांतही मोठा आहे. एवढ्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. यांनी पुढे सडपातळ, मध्यम आणि लठ्ठ असे गट वेगळे पाडून पाहिले, तेव्हा तिन्ही गटांत वाहक चालकांपेक्षा बरे निघाले. म्हणजे लठ्ठ वाहकसुद्धा लठ्ठ चालकापेक्षा सुरक्षित होता! माझ्या मते या साऱ्या संशोधनात आपल्या कामाचे वाक्य हेच आहे. ‘आधी वजन उतरवतो, मग धावायला लागतो’ असे म्हणणारे शेकड्यांनी भेटतात. हा हिशेब उलटा आहे. हालचालीचा पहिला लाभ हृदयाला व रक्तवाहिन्यांना मिळतो. वजनाचा काटा मागाहून, आणि पुष्कळदा नाराजीनेच हलतो. मॉरिस स्वतः वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, २००९ साली वारले, हेही जाता जाता नमूद करतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ऐकायला बरे वाटते.

दुसरा माणूस न्यूझीलंडचा. आर्थर लिडियर्ड हा ऑकलंडला जोड्यांच्या कारखान्यात काम करी. ऐन तारुण्यात एका मंडळातल्या मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला असता त्याची अशी दमछाक झाली की, आपण अंगाने धडधाकट आहोत हा त्याचा समज त्याच दिवशी संपला. पुढे कित्येक वर्षे त्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. त्याचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅल्बर्ग, यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवली. परंतु आपल्याला सोयरा वाटावा असा लिडियर्ड त्यानंतरचा आहे. १९६२ साली ऑकलंडला त्याच्या प्रेरणेने सावकाश धावणाऱ्यांचे एक मंडळ निघाले. त्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, पोट सुटलेले, पन्नाशी-साठीचे लोक होते. त्यांना नियम एकच होता: सराव करा, शरीराला ओढाताण करू नका. त्या वर्षाच्या अखेरीस बिल बोवरमन हा अमेरिकेतला नामांकित प्रशिक्षक तेथे पाहुणा म्हणून गेला. पन्नाशी नुकतीच उलटलेला हा गृहस्थ त्या मंडळाबरोबर धावायला निघाला, आणि सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरोग्याच्या मागे पडला. तो मायदेशी परतला तो हे वेड घेऊनच. १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्याने ‘जॉगिंग’ या नावाचे पुस्तक काढले, आणि तो शब्द जगभर झाला.

आता स्थूल माणसाला धावणे अवघड का जाते ते पाहू. तो म्हणतो, ‘मला दम लागतो.’ दम लागतो हे खरे, परंतु दम ही लवकर सुधारणारी गोष्ट आहे. नियमित श्रम सुरू होताच पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातील द्रवभाग वाढतो, हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त पुढे ढकलू लागतो, आणि महिन्याभरात तोच रस्ता सोपा वाटतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे यांची गोष्ट निराळी आहे. कंडऱ्यांकडे रक्ताचा पुरवठा बेताचा; दोन्हींची डागडुजी आठवड्यांत होत नाही, तिला महिने लागतात. हाडाचा एखादा जुना कण खरवडून काढून त्या जागी नवा भरण्याचे काम तीन-चार महिने चालते.

मोर्चा काढणाऱ्याला ही गोष्ट लगेच समजते. पुढची तरुण पोरे घोषणा देत झपाझप निघतात, आणि मागे म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया रेंगाळतात. पुढच्यांनी वळून पाहिले नाही तर मोर्चा तुटतो. शरीराच्या मोर्चात हृदय आणि फुप्फुसे ही पुढची पोरे, तर नडगी, टाच आणि गुडघा ही मागची मंडळी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम टिकू लागतो, माणसाला हुरूप येतो, तो एकदम दुप्पट धावतो, आणि सहाव्या आठवड्यात नडगी धरून घरी बसतो. मग म्हणतो, ‘धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही.’ धावणे मानवत होते. घाई मानवली नाही.

थोडे आकडे मांडतो. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो, म्हणून पायावर येणारा भार वजनाच्या थोडाच वर जातो. धावताना माणूस क्षणभर अधांतरी असतो आणि मग एका पायावर पडतो. त्या वेळी येणारा भार वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. नव्वद किलोच्या माणसाला हा सव्वादोनशे किलोचा दणका झाला. पाच किलोमीटर सावकाश धावताना सुमारे सहा हजार पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायाला तीन हजार दणके. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात असे आढळले की, अति स्थूल नवशिक्यांपैकी जे पहिल्याच आठवड्यात तीन किलोमीटरांहून अधिक धावले, त्यांना दुखापती जास्त झाल्या. आठवड्यात तीन, दिवसाला नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

स्थूल कोणाला म्हणावे, याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की एक आकडा येतो. भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी लवकर साठते. म्हणून आपल्या डॉक्टरांनी २००९ साली २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता अशी मर्यादा धरली. पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस अडुसष्ट-एकोणसत्तर किलोला त्या रेषेवर येतो. पुरुषाच्या पोटाचा घेर नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रीचा ऐंशी, ही दुसरी खूण. विजारीचे माप यात धरू नये. आमच्यातले पुष्कळ जण पोटाखाली विजार बांधून वर्षानुवर्षे चौतीसच्या कमरेचे राहतात.

चाळिशीपुढच्या आणि जड माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, साखर, आणि हृदयाचा आलेख. साखरेची काही औषधे आणि इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते; त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक आगाराच्या बैठकीत सांगतो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि गरगर अशी लक्षणे धावताना दिसली, तर तेथेच थांबून सरळ रुग्णालय गाठायचे. ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन पुन्हा गाडी काढणारे चालक मी पाहिले आहेत. त्यांतले सगळे आज भेटत नाहीत.

मग सराव. शर्यतीची तारीख आधी ठरवावी, कारण तारखेवाचून सराव म्हणजे मागणीवाचून सभा. संपाची नोटीस चौदा दिवसांची असते. ही चौदा आठवड्यांची धरा. जोश क्लार्क या अमेरिकन गृहस्थाने १९९६ साली नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक क्रम तयार केला, आणि तो जगभर वापरला जातो. क्रम चांगला आहे. पण जड माणसाला तो घाईचा होतो, असे माझे मत आहे. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस तो न थांबता वीस मिनिटे धावायला सांगतो. नव्वद किलोच्या चालकाला मी तसे सांगणार नाही.

आमच्या मंडळींनी जो क्रम पाळला तो असा. पहिले चार आठवडे धावायचेच नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालायचे. पाचव्या आठवड्यापासून एक दिवसाआड, आठवड्याला तीन दिवस: पाच मिनिटे चालणे, मग एक मिनिट हळू धावणे व दोन मिनिटे चालणे असे आठ वेळा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालणे. याचे प्रत्यक्ष धावणे आठवड्याला तीन किलोमीटरांच्या आसपास भरते. दोन आठवड्यांनी दोन मिनिटे धावणे आणि दोन चालणे. पुढे तीन व दोन, मग चार व एक. तेराव्या आठवड्यात पाच मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असे सहा वेळा जमले की तयारी झाली. चौदाव्यात दोनच दिवस, तेही थोडे. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. मध्ये चालणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने पुढे हजारो सामान्य माणसांना थोडे धावा, थोडे चाला हीच रीत शिकवली.

वेग किती ठेवावा? मनगटावरची घड्याळे आता नाडी मोजतात; पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी दबलेली राहते आणि घड्याळ फसवते. आमचे माप सोपे आहे. धावता धावता ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ हे वाक्य एका श्वासात, तुकडा न पडता म्हणता आले पाहिजे. ‘कामगार’ म्हणून धाप टाकावी लागली, तर वेग जास्त झाला. नवशिक्याला हा वेग इतका कमी वाटतो की, शेजारून झपझप चालणारा पुढे जातो. जाऊ द्यावा. पावले आखूड टाकावीत. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या पुढे आपटते आणि दणका गुडघ्यात जातो.

धावण्याच्या मधल्या दिवसांत दोनदा पायांचे बळ वाढवावे. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू वर-खाली करणे, आणि खुर्चीवर टेकून उठल्यासारख्या अर्ध्या बैठका. तालमीतल्या पूर्ण बैठका जड माणसाने लगेच मारू नयेत. स्नायू दोन्हीकडे सारखे दुखले तर भिण्याचे कारण नाही. पण नडगीच्या एकाच बिंदूवर बोट टेकता येईल अशी कळ असेल, किंवा दर पावलाला दुखणे वाढत असेल, तर धावणे थांबवून दाखवून यावे.

कपड्याबुटांविषयी दुकानदार पुष्कळ सांगतो, म्हणून मी थोडे सांगतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराने पाऊल फुगते. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. कॅनव्हासचे जुने पातळ तळव्याचे जोडे जड माणसाच्या कामाचे नाहीत. सुती बनियन घामाने ओथंबते आणि घासते. मांड्या एकमेकींना घासतात, काखा सोलवटतात. याविषयी कोणी बोलत नाही, आणि केवळ एवढ्यासाठी धावणे सोडलेले लोक मला माहीत आहेत. निघताना तेथे व्हॅसलिन चोळले की काम भागते. भगिनींनी छातीला नीट आधार देणारे वस्त्र बुटांइतकेच आवश्यक समजावे.

रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, म्हणजे उजव्या कडेने धावावे. आपले डांबरी रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. रोज त्याच कडेच्या उतारावर धावले तर एका पायाला जास्त ताण पडतो. मैदान असेल तर उत्तम. कुत्री मागे लागली तर धावणे सोडून चालू लागावे; पळणाऱ्याचाच ती पाठलाग करतात. जड शरीर उष्णता जास्त निर्माण करते आणि ती बाहेर टाकायला त्या मानाने कातडी कमी पडते, म्हणून उजाडतानाची वेळ बरी.

आणि लोक हसतात. जड माणूस धावताना दिसला की चहाच्या टपरीवर एकजण तरी काही बोलतोच. एकट्याने हे सोसणे कठीण. सहाजण एकत्र निघाले की तोच चहावाला चौथ्या दिवशी ‘आज पाचच कसे?’ असे विचारतो. संघटनेची ताकद मी यापेक्षा स्वस्तात कुठे पाहिली नाही.

खाण्याचा हिशेब कडू आहे. धावताना माणूस दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे एक कॅलरी खर्च करतो. नव्वद किलोच्या माणसाचे पाच किलोमीटर म्हणजे साडेचारशे. एक-दोन वडापाव आणि वर गोड चहा, एवढ्यात ते जवळपास परत भरले जातात. तेव्हा धावून परतताना टपरीवर थांबण्याची प्रथा आम्ही मोडली. वजन उतरवायचे ते ताटात. त्यासाठी उपाशी धावणे किंवा भात एकदम बंद करणे नको. चहातील साखर, दोन पाळ्यांच्या मधले तळलेले आणि रात्री अकराचे दुसरे जेवण, एवढ्यांना हात घातला तरी पुष्कळ झाले.

सर्वांत अवघड भाग वेळेचा. फिरत्या पाळीच्या माणसाला ‘रोज पहाटे उठा’ असे सांगणे सोपे असते. रात्रपाळी करून आलेल्याने लगेच धावू नये. झोप काढून संध्याकाळी निघावे. घरातल्या स्त्रीची पहाट तर डब्यांची असते. तिला धावायला पाठवायचे असेल तर तो डबा दुसऱ्या कोणीतरी भरावा लागेल. शरीर कमावायला मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ कोणी फुकट दिलेला नाही. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती रविवारी सकाळी होतात. मुंबईच्या गिरणी कामगाराला हा रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. १८८४ पासून त्यांनी ही मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवली आणि तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रांगेत छातीवर क्रमांक लावून उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असते, मला शंका आहे.

शर्यतीच्या दिवशी नवे काहीही करू नये. बूट जुने, मोजे जुने, खाणे रोजचे. दीड-दोन तास आधी एखादे केळे आणि थोडा चहा पुरे. पाच किलोमीटरांना पाणी तहानेपुरते लागते, बाटलीभर पिऊन निघू नये. वेळेची मर्यादा किती आहे, हे नाव देतानाच विचारावे. पुरा रस्ता झपझप चालला तरी पाच किलोमीटर तासाभरात होतात, म्हणून भिण्याचे कारण बहुधा नसते. रांगेत अगदी मागे उभे राहावे. पुढे राहिले की गर्दी आपल्याला तिच्या वेगाने ओढते, आणि पहिला किलोमीटर वाऱ्यासारखा गेला की तिसऱ्यात पाय शिशाचे होतात. पहिल्या पाच मिनिटांनंतर एक मिनिट चालायचे म्हणजे चालायचेच, मग बघणारे काय म्हणतील ते म्हणोत. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात वाद्ये वाजतात, फोटो काढतात, आणि जड माणसालाही जोराने सुटण्याचा मोह होतो. तो आवरावा. रेषा ओलांडल्यावर मटकन बसू नये. रक्त पायांत उतरून भोवळ येते. दहा मिनिटे चालत राहावे, अंग कोरडे करावे, काहीतरी खावे. सोमवार विश्रांतीचा. मंगळवारी अर्धा तास चालणे, आणि गुरुवारी पुन्हा तीन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे.